डाउनलोडची पंगत

टीचरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका काळ्या डब्याला करवंटीची डवली, म्हणजे भात वाढायचा लाकडी दांड्याचा डाव, टेकवून, डवलीच्या दांड्याला कान देऊन बसल्या होत्या. कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोरच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता आणि मी तिथे नोकरी मागायला गेले होते. ओरोसला कॉम्प्युटरचा कोर्स झाला होता, व्हिडिओ एडिटिंग येत होतं, आणि त्या वयात असते तेवढी घमेंडही होती. मी "नमस्कार" म्हटलं. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. बऱ्याच वेळाने डवली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "नणंद आज बरी आसा. बस गो. काय काय येता तुका?"

नणंद म्हणजे तो काळा डबा, अर्थात हार्ड डिस्क. अशा चार होत्या, जुन्या, आत चकती फिरणाऱ्या. आम्ही लग्नं, बाप्तिस्मे, बारशी, चर्चचं फेस्त, भजनाच्या बाऱ्या असं सगळं शूट करायचो, आणि सांगायला कसंतरीच वाटतं, पण मर्तिकंसुद्धा. ते सगळं या डिस्कांवर राहायचं. आम्ही लिंक पाठवायची आणि लोकांनी ती दाबून वसईत, गोव्यात, कुवेतला बसून आपलं आपलं उतरवून घ्यायचं. चौघींना टीचरनी नावं ठेवली होती: थोरली, मामी, विहीणबाई आणि नणंद. नणंद सर्वांत जुनी. दिवसभर कटकट करायची, पण तिने कधी एक फाईल गमावली नव्हती. "माझी खरी नणंद पण तशीच," टीचर म्हणायच्या. "तोंडान वायट, पण वेळेक उभी रवतली."

पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही. अंगात फुलाफुलांचा घोळदार झगा, गळ्यात क्रूस, आणि पायांत काहीही नाही, कारण स्टुडिओत चप्पल घालायला सर्वांनाच बंदी होती. धप्पदिशी बसायचं नाही, दार आपटायचं नाही. खालच्या हॉटेलवाल्याने खोबरं वाटायला मिक्सर लावला की टीचर खिडकीतून ओरडायच्या, "बंद कर मेल्या, नणंद अडाखळता!" डिस्कांच्या खाली त्यांनी आपल्या मुलाचं लहानपणीचं दुपटं चौघडी घालून ठेवलं होतं. मला तेव्हा हा सगळा निव्वळ वेडेपणा वाटायचा. पुढे वाचल्यावर कळलं, की त्यात तथ्य होतं. हादरा बसला की चकतीवर वाचणारा आतला हात जागा चुकतो आणि पुन्हा वाचत बसतो. वेडेपणा होता तो फक्त हॉटेलवाल्याला शिव्या देण्यात, आणि तोही बिचारा हसून मिक्सर बंद करायचा.

मी तिथे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात शहाणपणा केला. म्हटलं, "टीचर, हे स्वतःच्या डिस्कवरून कशाला द्यायचं? नेटवरच्या एखाद्या फुकट साईटवर टाकूया. सगळं जग टाकतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गणितात नापास झालेय. मग सांगितलं, की एका घरच्या अंत्यविधीचा व्हिडिओ कोणीतरी तसा टाकला होता. पाद्री प्रार्थना म्हणतायत, बायका रडतायत, आणि मध्येच दाढीच्या साबणाची जाहिरात सुरू झाली. "लोकांचो माणूस मेलो," टीचर म्हणाल्या, "तेंका साबण विकतंस तू?" मी काही विकत नव्हते, पण तो विषय तिथेच संपला.

फाईल दाबून लहान करायलाही त्यांची सक्त मनाई. लहान फाईल म्हणजे सुका बांगडा. पोट भरतं, पण तो बांगडा नव्हे. आमच्याकडून जायचा तो ताजा, अख्खा, त्यामुळे आमच्या फाईली राक्षसासारख्या मोठ्या असायच्या आणि उतरवून घेणारे घाम पुसत बसायचे.

या हट्टामागचं कारण मला त्यांनीच एकदा जेवणाचा डबा खाताना सांगितलं. त्यांचा नवरा आयुष्यभर बोटीवर. मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो कुठल्या तरी परक्या बंदरात होता. कित्येक महिन्यांनी त्याला फोटो मिळाले, तेही ओलसर झालेले. "तो फोटो बघी नि म्हणी, पोराचो रंग असो कसो? मी म्हटलंय, रंग फोटोचो, पोरगो बरो आसा." एवढं बोलून त्या डबा धुवायला उठल्या. नवरा तोवर वारला होता.

पंगत सुरू झाली ती बांद्याच्या एका लग्नापासून. लग्नाचा व्हिडिओ तयार झाला आणि वधूच्या काकाने लिंक अख्ख्या गावाच्या ग्रुपवर टाकली. सगळ्या गावाने एकदम दाबली. कोणाच्याही मोबाईलवरची डाउनलोडची रेघ जागची हलेना. फोनावर फोन. "टीचर, तुमचा नेट बोगस आसा." मग टीचरनी फायबरची जोडणी देणाऱ्या मुलाला बोलावलं. हसतमुख होता तो. आला, चप्पल काढली, लाईन तपासली आणि म्हणाला, "मॅडम, लाईन ठणठणीत आहे. अर्धीसुद्धा भरत नाहीये."

टीचरनी डवली त्याच्या हातात दिली. त्याने नणंदेला लावून कान दिला. बाहेरूनही ऐकू येत होतं, कट्-कट्-कट्-खर्र, कट्-कट्-खर्र.

"आयकलंस?" टीचर म्हणाल्या. "पंगतीक वाढपी एकच आसा. लोक वळीन बसले तर भाताची बालदी घेवन तो सरळ वाढीत जाता. पण ह्यो हंयसून 'भात' म्हणता, तो थंयसून 'भात' म्हणता, मगे तो नुसतो धावता. बालदी भरलेली, पाय मोडले, नि पानां रिकामी."

तो मुलगा मनापासून हसला. आतली गोष्ट खरंच तेवढीच आहे. चकती फिरत असते, तिच्यावर वाचणारा हात एका वेळी एकाच जागी असतो. पन्नास जणांनी पन्नास ठिकाणचं मागितलं की त्याचा सगळा वेळ इकडून तिकडे जाण्यात जातो आणि बाहेरचा रस्ता कितीही रुंद असला तरी मोकळाच राहतो. पण मुलगाही कच्चा नव्हता. तो म्हणाला, "मगे टीचर, एसएसडी घेवा. तेच्यात चकती नाय, हात नाय. सगळ्यांका एकदम वाढता."

"ती आवाज करता?"

"नाय."

"मगे ती मरताना माका कळतला कसा?"

त्या मुक्या डिस्का जातात तेव्हा बऱ्याचदा न सांगताच जातात, हे खरं आहे. पण वेगाच्या बाबतीत तो मुलगा बरोबर होता आणि टीचर चूक, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांचा तोच स्वभाव होता. ऐकून घ्यायच्या सगळ्यांचं, करायच्या आपलं.

त्यांनी काय केलं, तर मोबाईल उचलला आणि त्या गावाच्या ग्रुपवर लिहिलं: "पयली पंगत, न्हवरेचे आवस-बापूस आणि मुंबयचे मामा. बाकीच्यांनी हात धुवन रवा." मला वाटलं, आता लोक हिला वेड्यात काढणार. पण आमच्याकडे दुसरं काही कळो न कळो, पंगत सगळ्यांना कळते. लोक खरंच थांबले. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. सोयऱ्यांना दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून थोडी रुसवाफुगवीही झाली, ती टीचरनी फोनवरून मिटवली. संध्याकाळपर्यंत गाव जेवून तृप्त. त्यानंतर आमच्या स्टुडिओचं हेच चालू झालं. आधी परगावचे, मग जवळचे, मग आम्ही. एका पंगतीत मोजकीच माणसं. नियम एकच. बसलेल्याला ताटावरून उठवायचं नाही, कारण आमच्या त्या जुनाट व्यवस्थेत मध्येच उठलं तर पुन्हा पहिल्यापासून बसावं लागायचं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा काजूची बाग आणि थोडी भातशेती बघायचे आणि देवळातल्या भजनाला पखवाज वाजवायचे. एका चतुर्थीला टीचर आमच्या घरी जेवायला आल्या. सोबत नवीन कॅमेरा होता, तो चालतो कसा बघायला म्हणून त्यांनी भजनाची अख्खी बारी, म्हणजे बुवांचा सगळा कार्यक्रम, शूट केली. कॅमेरा बुवांवर नाही, बाबांच्या पखवाजावर. बुवा जरा नाराज झाले. टीचर म्हणाल्या, "गळो सगळे बघतत. माका हात व्हये." ती फाईल कोणी मागितली नव्हती, तरी नणंदेवर जपून ठेवली गेली.

बाबा गेले ते अचानक, बागेतून घरी येताना. माझा दादा तेव्हा भर समुद्रात होता, जहाजावर स्वयंपाकी म्हणून. त्याला कळवलं कप्तानाने. अंत्यविधी झाले, दिवस झाले, दादा समुद्रातच. मी त्याला भजनाच्या बारीतला एक तुकडा दाबून लहान करून पाठवला, कारण जहाजावर नेट मापून मिळायचं. त्याचं उत्तर आलं: "आवाज इलो. हात नाय दिसणत."

मी माझ्याकडचा तुकडा नीट पाहिला. खरंच दिसत नव्हते. फाईल लहान करताना जे जोरात हलतं ते आधी पुसलं जातं. पखवाज द्रुतात गेला की बाबांच्या हातांच्या जागी नुसता तांबूस धूर. दादा जहाजावर जाण्याआधी बाबा त्याला पखवाज शिकवत होते, ते अर्धवट राहिलं होतं. त्याला हात बघायचे होते. दुसरं काही नको होतं. फोनवर तो सपाट आवाजात बोलायचा, रडायचा नाही. त्याच्या सोबत्याने मला कळवलं, की हा सगळ्यांना रांधून घालतो पण स्वतः नीट जेवत नाही. मी फार घाबरले होते. आईला सांगायची सोय नव्हती, म्हणून टीचरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अख्खी फाईल देवया. बंदर कधी लागता ता माका सांग."

बंदर लागायचं होतं आठवड्याने, पण जहाज आधीच पोचलं. आमच्याकडे दुपार होती. दादाचा फोन आला, तो बंदरातल्या एका बाकावर फुकटचं वायफाय धरून बसला होता. थोड्या वेळाने परत जहाजावर बोलावतील, मग पुढचे कित्येक आठवडे पाणीच पाणी. त्याने आम्ही पाठवून ठेवलेली लिंक दाबली होती आणि रेघ हलत नव्हती. हलणार कशी? त्याच दिवशी आम्ही चर्चच्या फेस्ताचा व्हिडिओ सोडला होता, तोही नणंदेवरच होता, आणि पहिली पंगत नुकती बसली होती.

मी माऊस हातात घेतला. म्हटलं, "टीचर, बाकीच्यांची जोडणी तोडतंय."

"हात काढ."

"टीचर, माझो भाव आसा तो!"

"म्हणानच. तू तोडलंस तर तेंका कळाचा पण नाय आपण कोणासाठी उठलो. इचारूया तेंका."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. तिकडे वेळ चाललाय आणि ही बाई जेवणाऱ्यांचा मान राखतेय. त्यांनी फेस्ताच्या ग्रुपवर एका बोटाने टाईप केलं, हळूहळू, शाळेतल्या फळ्यावर लिहिल्यासारखं: "पंगतीत बसलेल्यांनी आयका. माझ्या स्टुडिओतल्या चेडवाचो भाव बोटीवरसून बंदरात उतरलो आसा. बापूस गेलो तेवा तो दर्यात होतो. आता बापायचे हात बघूक बसलो आसा. वेळ थोडो आसा. उठशात?"

मग त्यांनी डवली नणंदेला लावली आणि डोळे मिटले.

पहिलं उत्तर कुवेतच्या नर्सचं आलं, "उठलंय." मग वसईच्या निवृत्त मास्तरांचं, "उठलो. तेका जेवंदेत." मग एकामागून एक. टीचर डवलीला कान देऊन मान हलवत होत्या, "हां... आणखी एक उठलो... अजून कोणतरी बसलो आसा." म्हापशाचा एकजण उत्तर देत नव्हता. टीचरनी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"टीचर, माझो जरासोच रवलो," तो म्हणाला. "आवय टीव्हीसमोर बसली आसा फेस्त बघूक. आता परत पयल्यापासून करू?"

टीचर काही बोलायच्या आत मागून म्हातारीचा आवाज आला. "कोण रे? बोटीवयलो? बंद कर तें. तुजो बापूय पण बोटीरच आशिल्लो."

आणि कटकट थांबली. मला वाटलं, नणंद मेली. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. टीचरनी डवली माझ्या हातात दिली. मी कान लावला. आतून बारीक, सरळ, न तुटणारा आवाज येत होता, सूंऽऽ.

"आता एकाच पानाक वाढता," टीचर म्हणाल्या.

फोनवर दादा ओरडला, "रेघ धावता गो!" बघता बघता ती टोकाला पोचली. मग त्याच्या बाजूने पखवाज ऐकू आला. आधी ठाय लयीत, मग चढत गेला. आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा माझा भाऊ रडला. मी डवली हातात धरून रडले. टीचर खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या एसटीकडे बघत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने दादा म्हणाला, "बोलावतत. जातंय मी." दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्याचा निरोप आला, की काल तो जेवला, भात मागून घेतला.

फोन ठेवल्यावर टीचरनी ग्रुपवर लिहिलं, "झाला. बसा परत." आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून बसले.

पुढच्या आठवड्यात त्या मला न सांगता एसटीने ओरोसला गेल्या आणि एसएसडी घेऊन आल्या. मी दात काढून बघत राहिले. "हसतंस कित्याक? परत कोणाक ताटावरसून उठवूची पाळी येता नये," त्या म्हणाल्या. डिस्क जोडली, फाईली भरल्या, आणि सवयीने डवली लावून कान दिला. काहीच नाही. शेवटी म्हणाल्या, "सून आसा ही. नवी आसा तवसर गप रवतली." नणंदेला काढलं नाही. सुनेवर सगळ्यांना एकदम वाढायचं आणि तेच सगळं नणंदेकडे जपून ठेवायचं, अशी वाटणी झाली. माझ्या मते त्या स्टुडिओत घेतलेला तो सर्वांत शहाणा निर्णय. आता पंगतींची गरज उरली नव्हती, पण लोक विचारायचं सोडेनात. अजून फोन येतात, "टीचर, आमची पंगत कितवी?"

मे महिन्यात दादा घरी आला. आईने ठरवलं, जे उठले त्यांना जेवू घालायचं. सुट्टीवर आलेली कुवेतची नर्स, वसईचे मास्तर, म्हापशाची म्हातारी आणि तिचा मुलगा, जमले तेवढे सगळे आले. आमच्या खळ्यात पंगत बसली. टीचरनी चप्पल काढली, भाताची बालदी उचलली, आणि कोणी देऊ केलेलं भातवाढणं न घेता पिशवीतून आपली स्टुडिओतली डवली काढली. स्वच्छ घासून आणली होती. एका टोकापासून वाढत निघाल्या. म्हातारीचं पान संपलेलं बघून मी मध्येच हाक मारली, "टीचर, हंय भात!" तर अख्ख्या पंगतीसमोर ओरडल्या, "वळ मोडू नको गो!" आणि ओळ मोडू पाहणाऱ्या मला सगळे हसले.

दादा चुलीकडेच होता. आई त्याला म्हणाली, "तू बस रे पयलो. तुझ्यासाठी आसा ह्या सगळा."

"माझी पयली पंगत झाली गो आये," तो म्हणाला. "सगळे उठले तेवा मी एकटो जेवलंय. आज मी शेवटाक."

आणि खरंच तो शेवटी बसला. पाहुणे हात धुऊन पडवीत गेले होते. टीचर बालदी घेऊन त्याच्यासमोर आल्या आणि वाढायला लागल्या. एक डवली, दुसरी, तिसरी. दादाने पुरे म्हणून दोन्ही हात पानावर आडवे धरले.

टीचर थांबल्या. त्या हातांकडे बघत राहिल्या.

"बापायचेच हात आसत," त्या म्हणाल्या. "काढ ते पानावरसून. अजून भात आसा."